टायमिंग बसवलं तरी टिकत नाही: जुन्या पद्मिनीच्या डेल्कोत काय हलतंय ते कसं शोधायचं

पद्मिनीवाल्यांची एक तक्रार माझ्याकडे वर्षानुवर्षं येते आहे. गॅरेजमधून टायमिंग, म्हणजे प्लगवर ठिणगी पडायची वेळ, बसवून आणलं, दोन-चार दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा जैसे थे. पुन्हा गॅरेज, पुन्हा डेल्को (डिस्ट्रिब्यूटर, प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) जरासा फिरवला, पुन्हा तेच. अशा गाडीत टायमिंग बसवणाऱ्याचा हात बहुतेक वेळा बरोबर असतो. बसवलेलं टायमिंग जागेवर राहू न देणारं काहीतरी आत ढिलं, झिजलेलं किंवा अडकलेलं असतं. ते सापडेपर्यंत डेल्को कितीही फिरवा, उपयोग नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी हलणारी वस्तू शोधायची आणि टायमिंग सगळ्यात शेवटी बसवायचं.

पुढचं सगळं प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी, चार सिलिंडरचं, सीबी पॉइंटवालं (पॉइंट म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारी टोकं) इंजिन समोर धरून लिहिलं आहे. अ‍ॅम्बेसेडरला आणि पॉइंटवाल्या इतर जुन्या गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच घ्या.

लक्षणं

स्लोवर, म्हणजे पाय न दाबता चालू ठेवलेलं, इंजिन एका लयीत राहत नाही. आवाज चढतो, उतरतो, मध्येच गाडी मिस मारते. थंड इंजिनाला सेल्फ मारला की कधीकधी उलटा झटका बसतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन टणटण टोकायला लागतं. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर टोकणं नाही, पण गाडीत जीवही नाही आणि टेंपरेचरचा काटा वर. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाका फुटतो.

खंबाटकीच्या चढाच्या दोन ओळी पुन्हा वाचा. टोकणं हे टायमिंग पुढे गेल्याचं, म्हणजे अ‍ॅडव्हान्स झाल्याचं लक्षण. गाडी मंद होणं आणि तापणं हे मागे पडल्याचं, म्हणजे रिटार्डचं. एकाच गाडीत दोन्ही आलटून पालटून दिसत असतील तर टायमिंग फक्त चुकलेलं नाही, ते फिरतंय.

यातली निम्मी लक्षणं कार्बोरेटरमुळेही येतात. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल तर स्लो अशीच वरखाली होते. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. त्याने मिश्रण आणखी पातळ होतं आणि जुने रबरी पाइपही खराब होतात. तेव्हा नुसत्या कानावर विसंबून डेल्कोला हात लावू नका. टायमिंग लाइट लावा, म्हणजे ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा.

आधी लाइट, मग पाना

काम सुरू करायच्या आधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चाकाला दगड. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, सायलेन्सरचा धूर जीव घेतो. ओढणी, मफलर, सैल बाही फॅनपासून लांब. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, चालू इंजिनात ती हाताने उपटायची नाही. पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं.

क्रँकच्या पुलीवरची खूण कापडाने पुसून तिच्यावर खडूची किंवा व्हाइटनरची रेघ ओढा. लाइटची चिमटी एक नंबरच्या प्लगच्या वायरीवर लावा. गाडीत व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स असेल तर (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारा डबा) त्याची नळी काढून तिचं तोंड बंद करा. स्लो मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांच्या आसपास आणा. हे महत्त्वाचं आहे, कारण स्लो जास्त ठेवली असेल तर डेल्कोतली वजनं (वेग वाढला की उघडून टायमिंग पुढे नेणारी) तिथेच उघडायला लागतात. मग स्लो जरा वरखाली झाली की टायमिंगही तिच्यामागे धावतं. निव्वळ स्लो खाली आणून थांबलेल्या अशा तक्रारी मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

आता खुणेकडे नीट बघा. ती कशी हलते यावर दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं.

खूण एका जागी थरथरते, दोन्ही बाजूंना दोन-चार अंश, न थांबता: डेल्कोच्या शाफ्टचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), पॉइंटची प्लेट किंवा टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) यांत खेळ आहे. खूण आज स्थिर आहे, पण पंधरा दिवसांनी बघावी तर मागे सरकलेली: पॉइंटची टाच (डेल्कोतल्या कॅमवर घासणारा तुकडा) झिजते आहे किंवा डेल्को धरून ठेवणारा क्लॅम्प ढिला आहे. रेस दिली की खूण पुढे जाते, रेस सोडल्यावर जागेवर परत येत नाही किंवा रेंगाळत येते: अ‍ॅडव्हान्सची वजनं अडकतायत. आणि खूण जागेवर आहे पण लाइटचा फ्लॅशच मध्ये मध्ये चुकतो: ठिणगीच पडत नाहीये. मग टायमिंग सोडा आणि वायरिंगकडे वळा.

आणखी एक तपासणी फारसं कुणी करत नाही. चिमटी एकवरून काढून चार नंबरच्या वायरीवर लावा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्यामुळे एक आणि चार हे पिस्टन एकाच वेळी वर येतात, म्हणून खूण दोन्हीकडे जवळपास त्याच जागी दिसायला हवी. एकावर खूण बरोबर आणि चारावर चार-पाच अंश सरकलेली दिसली, तर डेल्कोचा शाफ्ट वाकलेला आहे, बुश गेलेलं आहे किंवा कॅमचे कोपरे सारखे झिजलेले नाहीत. अशा गाडीत एक नंबरवर टायमिंग कितीही अचूक बसवा, दुसरा एखादा सिलिंडर टोकतच राहणार.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

इंजिन बंद करून डेल्कोची बॉडी हाताने पिळून बघा. ती हलता कामा नये. हलली तर क्लॅम्पचा बोल्ट बघा. अ‍ॅम्बेसेडरच्या चिमटीसारख्या क्लॅम्पमध्ये बोल्ट वर्षानुवर्षं जोर लावून आवळला की क्लॅम्पच वाकतो. मग बोल्ट घट्ट लागतो, पण पकड नसते. तिथे बोल्ट आणखी आवळून काही होत नाही, क्लॅम्प बदलावा लागतो. बॉडीवर आणि ब्लॉकवर मिळून एक बारीक आडवी रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी बॉडी फिरली की नाही, हे नजरेनेच कळेल.

इंजिन स्लोवर ठेवून चावी हलकेच हलवा, कॉइलवरच्या वायरी हलवा, डेल्कोत शिरणारी बारीक वायर हलवा. यातल्या कशानेही इंजिन दचकलं तर दोष तिथेच. डेल्कोच्या आतली बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी वायर विशेष बघा. व्हॅक्यूमने प्लेट फिरते तशी ती प्रत्येक वेळी वाकते, आणि वरचं आवरण शाबूत असताना आतल्या तारा तुटतात. बोटांनी चाचपली की तेवढ्या जागी ती नरम लागते. प्लेटला अर्थ देणारी वेणीची छोटी तारही अशीच तुटते. अशा गाडीत स्लोवर सगळं ठीक असतं, रस्त्यावर प्लेट फिरली की करंट तुटतो.

डेल्कोची कॅप काढून स्वच्छ करा. आत काळी केसासारखी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे. करंट तिच्यावरून भलत्या सिलिंडरला जातो आणि फटाके वाजतात. मधलं कार्बन ब्रश स्प्रिंगवर नीट वरखाली होतंय का, तेही बघा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॅपच्या आत ओल साचते. तेव्हा कोरड्या कापडाने पुसून तपासणी पुन्हा करा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की वायरींमधून निसटणारी निळी ठिणगी डोळ्यांना दिसते. कॅप, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) आणि वायरींनी खरं टायमिंग बदलत नाही, पण लाइटला चुकीचं दाखवायला ते पुरेसे आहेत. म्हणून ते आधी उरकायचे.

पॉइंट: बहुतेक दोष इथेच सापडतात

पॉइंट बदलणं सोपं आणि स्वस्त आहे, म्हणून ते घाईत उरकलं जातं, आणि तिथेच चुकतं.

पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्याच क्षणी ठिणगी पडते. म्हणजे पॉइंटची गॅप बदलली की टायमिंग आपोआप बदललं, डेल्कोला हात न लावता. हिशेब असा: ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहण्याचा कोन, एका अंशाने वाढला की टायमिंग क्रँकवर साधारण एका अंशाने मागे पडतं. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होते, ड्वेल वाढतो, टायमिंग मागे जातं. मग कुणीतरी डेल्को पुढे फिरवतो. पुढच्या वेळी दुसरा कुणी गॅप बरोबर करतो, तर टायमिंग एकदम जास्त पुढे जातं आणि गाडी टोकायला लागते. ‘टिकत नाही’ म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांची गोष्ट एवढीच असते. आधी गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटा करायचा नाही.

टाच इतक्या लवकर का झिजते? कॅम कोरडा असतो म्हणून. नवे पॉइंट बसवताना कॅमवर डेल्कोच्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटच्या तोंडावर बसतं. बोट पॉइंटच्या टोकांना लागलं असेल तर तीही स्पिरिटने पुसा. कॅमवर गंज किंवा चरे असतील तर तो कॅम दर महिन्याला नवी टाच खाणार. बारीक पॉलिश पेपरने हलका हात फिरवून बघा. नख अडकेल इतके खोल चरे असतील तर तो डेल्को बदला.

गॅप मोजताना रोटर अशा जागी आणा की टाच कॅमच्या टोकावर असेल. या जातीच्या डेल्कोत साधारण ०.४० ते ०.४५ मिलिमीटरच्या आसपास गॅप असते. फिलर गेज (ठराविक जाडीची पट्टी) हलकं घासत जायला हवं. पण वापरलेल्या पॉइंटवर फिलर गेज खोटं सांगतं. एका तोंडावर खड्डा पडतो, दुसऱ्यावर उंचवटा येतो. गेजची सपाट पट्टी उंचवट्यावर टेकते आणि खरी गॅप तिने दाखवलेल्यापेक्षा मोठी असते. म्हणून जुने पॉइंट चालवायचेच असतील तर ड्वेल मीटरने मोजा. पॉइंट घासून पुन्हा वापरण्याच्या मी विरुद्ध आहे. रस्त्यात अडकलात तर घासा, घरी आल्यावर बदला.

पॉइंट निळे-काळे जळालेले दिसले तर कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणं हे त्याचं काम. तो कमजोर झाला की पॉइंट भराभर जळतात आणि प्लगवरची ठिणगीही मंदावते. सध्या बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांचा भरवसा देववत नाही. काही बसवल्यापासूनच कमजोर असतात. तुमचा जुना चांगला चालत असेल तर पॉइंटबरोबर उगाच बदलू नका, नवा डिकीत ठेवा.

पॉइंटच्या पानाची स्प्रिंग सैल असेल तर जास्त रेसवर पॉइंट उडतात आणि गाडी वरच्या वेगात मिस मारते. त्यावर इलाज नवे पॉइंट हाच. स्प्रिंग वाकवून ताण वाढवला तर टाच दुप्पट वेगाने जाईल.

वजनं आणि व्हॅक्यूम

रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने पिळा आणि सोडा. तो थोडा फिरून चटकन जागेवर परत आला पाहिजे. रेंगाळला, अडकला किंवा अजिबात फिरलाच नाही, तर खालची वजनं सुकलेल्या ग्रीसमध्ये रुतली आहेत किंवा स्प्रिंग तुटली आहे. उपाय सोपा आहे. रोटर काढला की शाफ्टच्या डोक्यात जागा असते, बऱ्याच डेल्कोंत तिथे नमदा असतो. त्यात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा, रोटर पुन्हा पुन्हा पिळा, एक दिवस जाऊ द्या. तरी सुटलं नाही तर डेल्को उघडून रॉकेलने धुवावा लागेल.

उघडल्यावर दोन स्प्रिंगांपैकी एक सैल दिसली तर घाबरू नका. बऱ्याच डेल्कोंत एक स्प्रिंग मुद्दाम सैल असते. ती वजनं बरीच उघडल्यावर कामाला लागते. ती ‘घट्ट करून’ देणारे मिस्त्री भेटतात, आणि मग त्या गाडीत पूर्ण अ‍ॅडव्हान्स कधीच येत नाही. स्प्रिंगांच्या जागा बदलू नका आणि दुसऱ्या गाडीच्या डेल्कोतली स्प्रिंग लावू नका. दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा ताण वेगळा असतो.

व्हॅक्यूमचा डबा असेल तर नळी तोंडाने ओढा. प्लेट फिरली पाहिजे, आणि जीभ लावून नळी बंद केली की तिथेच टिकली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्राम फाटलेला आहे.

शाफ्ट, बुश आणि चेन

आता महागडं. कॅप काढून रोटरचा शाफ्ट बाजूला ढकला आणि पॉइंटच्या गॅपकडे बघत राहा. ढकलल्यावर गॅप डोळ्यांना दिसेल इतकी बदलली, तर बुश गेलं. ड्वेल मीटर असेल तर स्लोवरचा ड्वेल लिहून घ्या आणि रेस देऊन २०००वर पुन्हा बघा. तीन अंशांहून जास्त फरक म्हणजे शाफ्ट किंवा प्लेट झिजलेली आहे. नवे पॉइंट घालून हा फरक जात नाही.

बरेच जण इथे विचारतात की इलेक्ट्रॉनिक किट टाकलं तर? किटने पॉइंटची टाच आणि गॅप यांची कटकट खरोखर संपते, आणि रोज वापरायच्या गाडीत मी ते सुचवतो. पण वजनं तीच राहतात, चेन तीच राहते. शाफ्ट फार डुगडुगत असेल तर किटचं चुंबकही सेन्सरपासून जवळ-लांब होत राहतं. आधी बुश, मग किट.

चेन तपासायला प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. चावी बंद असल्याची खात्री करा. क्रँकच्या नटावर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने थोडं फिरवा, पुलीवर खडूने खूण करा, मग हळूच उलट फिरवा. रोटर हलायला लागेपर्यंत पुली किती सरकली ते बघा. पाच-सहा अंशांपेक्षा जास्त रिकामी फिरली तर चेन किंवा डेल्कोचा गिअर खेळतोय. अशा इंजिनात स्लोवर खूण थरथरते आणि रेस दिल्यावर बरीचशी स्थिर होते, कारण तेव्हा चेनवर एका बाजूने सारखा ताण असतो.

सगळं आवळलं, आता टायमिंग

एक नंबरच्या सिलिंडरला कॉम्प्रेशनवर घेऊन पुली मॅन्युअलमधल्या खुणेवर आणा. आणताना इंजिन नेहमी चालतं त्याच दिशेने फिरवा. खूण ओलांडली तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे चेनचा ढिलेपणा हिशेबात धरला जात नाही. १२ व्होल्टचा छोटा बल्ब कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला जोडा, चावी चालू करा, क्लॅम्प किंचित ढिला करून डेल्को फिरवा. ज्या क्षणी बल्ब पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडलेत. तिथे आवळा, चावी बंद करा. पॉइंट बंद असताना चावी बराच वेळ चालू राहिली तर कॉइल तापते. मग इंजिन सुरू करून लाइटने ताडून बघा. व्हॅक्यूमची नळी परत लावायला विसरू नका.

नवे पॉइंट असतील तर टाच सुरुवातीला थोडी बसते. पाचशे किलोमीटरनंतर गॅप आणि टायमिंग दोन्ही पुन्हा बघा आणि आकडे वहीत लिहा. गॅप तेवढीच आहे पण टायमिंग मागे गेलंय, असं दिसलं तर पॉइंटचा दोष नाही. बॉडीवर आणि ब्लॉकवर मारलेली रेघ बघा. तीही जुळत असेल तर चेनकडे वळा.

इथे हात काढून घ्या

टायमिंग लाइटवर बरोबर असूनही चढावर टोकणं थांबत नसेल, तर ते मागे खेचून चालवत राहू नका. इंजिनाच्या हेडमध्ये कार्बन साठलेला असेल, मिश्रण पातळ असेल किंवा कूलिंगमध्ये दोष असेल. ते इंजिन खोलणाऱ्याचं काम आहे. सेल्फला उलटा झटका वारंवार बसत असेल तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, स्टार्टरचं नाक तुटतं. चेन किंवा डेल्कोचा गिअर गेल्याचा संशय असेल, ऑइलमध्ये पितळेचा किंवा लोखंडाचा चकचकीत चुरा दिसला, तर गाडी टो करूनच न्या. चेन एखादा दात सोडून घसरली तर व्हॉल्व्हचं टायमिंगही जातं आणि मग खर्च इंजिनाचा होतो.

बुश बदलायचं काम चांगल्या टर्नरकडेच (लेथवाल्याकडेच) द्या. नवं बुश तेलात भिजवून दाबून बसवावं लागतं, शाफ्टच्या मापाला नेमकं जुळावं लागतं आणि दोन बुश एका रेषेत यावी लागतात. घरी हातोडीने बसवलेलं बुश जुन्यापेक्षा वाईट. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून हे काम रोज करणारे हात आणखी कमी झालेत. म्हणून टर्नरकडे जाताना डेल्को पूर्ण न्या आणि तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर लिहून द्या: खूण स्लोवर किती अंश थरथरते, एक आणि चार नंबरमध्ये किती फरक आहे, ड्वेल स्लोवर किती आणि २०००वर किती. डेल्को परत मिळाला की गाडीत टाकण्याआधी शाफ्ट हाताने बाजूला ढकलून गॅप बदलते का ते तिथेच, त्याच्यासमोर बघा.